दोन रुकुम

६ जानेवारी, सोमवार

आज कॉलनीचा वॉचमन बहादूर पडला. दूधवाला आला तेव्हा गेटजवळ विझलेल्या शेकोटीशेजारी आडवा होता, तोंड एका बाजूला गेलेलं. मी आणि कॉलनीचे चेअरमन हिलालभाऊ, आम्ही त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. लकवा आहे. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

केसपेपर करणाऱ्या मुलीने विचारलं, पूर्ण नाव? मी हिलालभाऊंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. इतकी वर्षं हा माणूस आमच्या दारात बसतो आणि 'बहादूर'च्या पुढे आम्हाला काही माहीत नाही. मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. मु. पो. ता. जि. विचारण्यात जन्म गेला. घरी येऊन सोसायटीचं रजिस्टर काढलं. धनबहादूर बुढा, नेपाळ. पत्त्याच्या रकान्यात नुसतं 'नेपाळ', आणि अक्षर माझंच. सेक्रेटरी मीच ना.

फार लाज वाटली. धुळ्यात एवढी थंडी पडली आहे, तरी कानशिलं गरम झाली.

७ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना बोलवा, वेळ सांगता येत नाही. त्याच्या बटणाच्या मोबाइलमध्ये सगळे नंबर कॉलनीतलेच. नेपाळचा एकही नाही.

हिलालभाऊ म्हणाले, "नाना, बठ्ठ्यासले इचारी देखं. त्याना कोनी शे का नही, कोनलेच माहीत नही." कॉलनीत सगळ्यांना विचारून झालं होतं.

माहिती निघाली ती आमच्याच स्वयंपाकघरातून. माझी बायको नर्मदा म्हणाली, उन्हाळ्यात मी त्याला माठातलं पाणी द्यायचे, तेव्हा म्हणायचा, भाभी, हमारे गाँव का नाम ही पानी है. धारापानी. आणि जिल्हा रुकुम हे मी स्वतः त्याच्या तोंडून ऐकलेलं होतं. "साब, रुकुम. ऊपर, बहुत ऊपर."

गाव आहे, जिल्हा आहे. एवढ्यावर मी सातबारे शोधून दिलेत लोकांना. हा माणूस मी शोधणारच.

९ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस कॉम्प्युटरसमोर आहे. डोळे चुरचुरतात, पण मजा येते आहे असं लिहिलं तर पाप लागेल का? नेपाळची सरकारी पानं देवनागरीत आहेत, निम्मं तर न अडता वाचता येतं. सात प्रदेश. प्रदेशात जिल्हे, जिल्ह्यात पालिका, पालिकेत वडा, म्हणजे आपला वॉर्ड. वड्याचा निवडून आलेला अध्यक्ष आणि त्याचा मोबाइल नंबर पानावर छापलेला. इथे तलाठ्याचा नंबर मिळवून दाखवा. पूर्वी त्यांच्याकडे अंचल होते, जिल्ह्यांच्या वरचे विभाग, ते नव्या घटनेत गेले. बहादूर देशातून निघाला तेव्हा त्याचं गाव ज्या अंचलात होतं, तो अंचलच आज नाही.

आणि रुकुम एक नाही, दोन आहेत. जिल्हा फोडला. पूर्व रुकुम लुंबिनी प्रदेशात गेला, पश्चिम रुकुम कर्णाली प्रदेशात.

इथे अनुभव कामाला येतो. आपला धुळे जिल्हा फुटला तेव्हा मी नोकरीत होतो. दप्तरांचे गठ्ठे ट्रकमध्ये भरून नंदुरबारला रवाना केलेत या हातांनी. जुनं नाव जुन्या ठिकाणी राहतं, नवीन जिल्ह्याला नवीन नाव मिळतं. रुकुमकोट नावाचं गाव पूर्व भागात आहे. म्हणजे मूळ रुकुम ते. शिवाय लुंबिनी प्रदेश. बुद्धांचं जन्मस्थान. ते नाव वाचलं आणि मी खुर्चीतच हात जोडले. वाटलं, वाट बरोबर आहे.

नर्मदा म्हणाली, "आपल्या राकेशने पुण्यात घर बदललं, त्याचा पत्ता पाठ आहे का तुम्हाला?" हिला कुठे काय बोलावं ते कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार

सापडला. पूर्व रुकुम, धारापानी, धनबहादूर बुढा. वडा अध्यक्षांशी स्वतः बोललो. चांगला माणूस, हिंदी येतं. म्हणाले, हाँ सर, हमारे यहाँ का है, इंडिया गया, नौ साल हो गए, फोन नहीं, खबर नहीं. बायको आहे, तुलसी. शेती करते. तिचं घर वडा कार्यालयापासून किती लांब? तर म्हणाले, पास में है, एक दिन का रास्ता. आपल्या साक्री तालुक्याचा डोंगराळ पश्चिम भाग सोडला तर धुळ्यातल्या माणसाला हे समजायचं नाही.

फोटो पाठवला. नाकात नळी, दाढी काढलेली, तोंड वाकडं. पण तेवढाच फोटो आहे. कॉलनीच्या गणपतीचे, हळदीकुंकवाचे, पतंगांचे शेकडो फोटो धुंडाळले, बहादूर एकाही फोटोत नाही. तो फोटो काढून देत असायचा.

दूतावासालाही कळवलं होतं. त्यांनी नागरिकता क्रमांक मागितला. तो असता तर काय पाहिजे होतं.

१३ जानेवारी, सोमवार

ओळख पटली. खात्री केल्याशिवाय मी बाईला एवढ्या लांबून बोलावणार नाही. दवाखान्यात गेलो, त्याचा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, धारापानी? त्याने बोट दाबलं. रुकुम? दाबलं. पूरब? दाबलं. घरवाली का नाम तुलसी? दाबलं, आणि डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं. नर्मदाला साक्षीदार म्हणून उभं केलं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, मी त्याला विचारलं, चहा घेतोस का, तरी त्याने बोट दाबलं. नळीतून जेवणारा माणूस चहा कसला घेतो?" मी म्हटलं, सवय असते माणसाला.

तिकडून अध्यक्षांचा फोन आला. तुलसीला फोटो दाखवला. बराच वेळ पाहत होती, म्हणाले. मग म्हणाली, यही होंगे. ती निघते आहे.

राकेशचा फोन आला होता. म्हणाला, पप्पा, उंटावरून शेळ्या हाकू नका, हे पोलिसांचं काम आहे. मी सांगितलं, नेपाळचा फोन यायचा आहे, तू ठेव.

१८ जानेवारी, शनिवार

तुलसी डोंगरातून पायी रस्त्यापर्यंत, मग जीप, मग नेपाळगंज, मग सीमा ओलांडून उत्तर प्रदेश. मुंबईला मजुरीला चाललेल्या नेपाळी कुटुंबाबरोबर लखनौहून गाडीत बसली. उद्या जळगावला उतरेल. मी भिंतीवर नकाशा लावला आहे आणि तिच्या मुक्कामांवर टाचण्या. हिलालभाऊ बघून म्हणाले, "नाना, तुम्ही काय तठला तहसीलदार शेतस का?" हसलो. खूप दिवसांनी कुणीतरी मला कामाचा माणूस समजलं.

बहादूर तसाच आहे. श्वास घरघरतो. मी त्याला सांगितलं, तुलसी आ रही है. बोट दाबलं.

१९ जानेवारी, रविवार

जळगाव स्टेशनावर तिला घेतलं. अंगाने बारकी, चाळिशीची असावी, नाकात फुली, गळ्यात लाल मण्यांची पोत. हिरवी शाल. पाठीवर बोचकं. माझ्या पाया पडायला लागली, मी मागे सरलो. एसटीत खिडकीशी बसली. एरंडोल, पारोळा. बाहेर कापसाच्या पळाट्या. म्हणाली, "साब, इतना सपाट. यहाँ आदमी खो जाए तो दूर से दिखेगा न?" मी म्हटलं, हो, दिसेल.

सरळ दवाखान्यात गेलो. वॉर्डाबाहेर ती थांबली. बोचक्यातून छोटा आरसा काढला, केस सारखे केले, भांगातलं सिंदूर बोटाने नीट केलं. मग आत आली. खाटेजवळ उभी राहिली. पाहिलं. वाकून पाहिलं. चादर सारून त्याचं डावं पाऊल पाहिलं.

"होइन," म्हणाली.

मला नेपाळी येत नाही. तरी कळलं: हा तो नाही.

पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. मी काहीतरी बोलत होतो, की आजारपणात चेहरा बदलतो, नऊ वर्षं झाली, पुन्हा बघा. मी तिला 'पुन्हा बघा' म्हणालो. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती खाटेच्या कडेला जमिनीवर बसली आणि डोकं गुडघ्यात घातलं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि बंब पाठवणारा मी. माझ्याच्याने जेववलं नाही.

२० जानेवारी, सोमवार

वाटलं होतं, तुलसी सकाळी परतीचं तिकीट मागेल. ती नर्मदाबरोबर दवाखान्यात निघाली. म्हणाली, इतनी दूर आई हूँ, बीमार को देखे बिना कैसे जाऊँ.

त्याच्याशी ती आधी त्यांच्या मगर जमातीच्या बोलीत बोलली. तो नुसता पाहत राहिला. मग नेपाळीत बोलली, आणि त्याच्या एका डोळ्यातून पाणी वाहायला लागलं, थांबेचना. ओठ हलले. "आमा," म्हणाला. आई. इतक्या दिवसांत पहिला शब्द. आम्ही सगळे त्याच्याशी हिंदी बोलत होतो. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

तुलसी बाहेर येऊन म्हणाली, "साब, ये हमारे तरफ का नहीं है. हमारी बोली नहीं समझता. उस पार का है, पश्चिम का. आमा-आमा करता है, इसकी माँ जिंदा होगी."

मुक्ताईनगर तालुक्यातला माणूस आणि शिरपूरचा माणूस, दोन वाक्यांत मला ओळखू येतात. तिलाही तिकडचे येतात. एवढंच करायचं होतं, कुणा नेपाळी माणसाला त्याच्याजवळ दोन मिनिटं बसवायचं होतं. स्टेशन रोडला मोमोची गाडी लावणारे नेपाळीच आहेत. मी नकाशे बघत बसलो. जिल्हा फुटला तेव्हा तिथे दोन्हीकडे रुकुमच नाव राहिलं, हे मला दिसत होतं, वाचत होतो, तरी मी धुळे-नंदुरबारच्या हिशेबाने गेलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पश्चिम रुकुमला फोन सुरू केले. कर्णाली प्रदेश. क्षेत्रफळाने सगळ्यांत मोठा, वस्तीने सगळ्यांत विरळ. परवापर्यंत अशी वाक्यं मी हौसेने नर्मदाला वाचून दाखवत होतो.

२२ जानेवारी, बुधवार

पश्चिम रुकुममध्ये धारापानी नावाची वस्ती एकाहून जास्त वड्यांत निघाली. आपल्याकडे पिंपळगावं असतात तशी. एका वड्याचे सचिव म्हणाले, नाव ओळखीचं वाटतं, म्हातारी वर राहते, तिथे फोन लागत नाही, वर बर्फ आहे, कुणी जाणारं मिळालं की निरोप देतो. मी म्हटलं, अर्जंट आहे. ते म्हणाले, सर, पहाड को अर्जंट नहीं समझता.

मला त्यांचा राग आला आणि मग राग कुणाचा आला ते कळेना. मी इथे खुर्चीत, फोन हातात, आणि काहीही हलत नाही. नोकरीत लोक माझ्या टेबलासमोर असे उभे राहायचे.

तुलसी त्याला चमच्याने पाणी पाजते. नर्सबाई म्हणाल्या, यांच्या हातून गिळतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारी धनबहादूर गेला. तुलसी जवळ होती, नर्मदा होती. मी बाहेर व्हरांड्यात पश्चिम रुकुमला फोन लावत होतो. लागत नव्हता.

२५ जानेवारी, शनिवार

हे लिहावं की नाही. लिहितो.

दवाखान्याच्या खिडकीवर सांगितलं, परदेशी माणूस आहे, जवळचं नातेवाईक कुणी नसेल तर शवागारात ठेवावं लागेल, वरून परवानगी येईपर्यंत. किती दिवस? सांगता येत नाही. नियम बरोबर आहे. मी त्या खिडकीत असतो तर हेच सांगितलं असतं.

कारकुनाने विचारलं, ह्या बाई कोण? नातं काय?

तुलसी म्हणाली, "पत्नी लिखो."

तिने बोचक्यातून आपलं नागरिकता कार्ड काढलं. त्यावर पतीचं नाव: धनबहादुर बुढा. जिल्हा रुकुम. गाव धारापानी. जुनं कार्ड, जिल्हा फुटायच्या आधीचं, त्यात पूर्व नाही, पश्चिम नाही. कारकुनाने केसपेपरवरचं नाव आणि कार्डावरचं नाव ताडून पाहिलं. सगळं जुळलं. माझ्या उभ्या नोकरीत इतका बिनचूक जुळलेला कागद मी पाहिला नव्हता. फक्त माणूस दुसरा होता. आणि तो दुसरा आहे हे ठाऊक असून मी, चिंधा सोनवणे, निवृत्त अव्वल कारकून, साक्षीदार म्हणून सही केली. संपर्कासाठी माझा मोबाइल नंबर दिला.

बाहेर येऊन मी तिला म्हटलं, बाई, हे काय केलंत? तुमचा नवरा कागदावर मेला आता. ती म्हणाली, "इसको उधर बर्फ के डब्बे में अकेला रखते, साब. इसकी भी तो कोई होगी."

अग्नी हिलालभाऊंनी दिला. मी पुढे होत होतो. ते म्हणाले, "नाना, तुम्ही बठा. मी देस." कॉलनीतले बरेच जण आले. एवढे जण त्याला जिवंतपणी एकदम कधी भेटले नसतील. मला बुद्धवंदना येते तेवढी मी म्हटली, हिलालभाऊंनी रामनाम घेतलं. तो कोणत्या धर्माचा होता ते आम्हाला माहीत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी मी दाढी करत होतो. फोन वाजला. नेपाळचा नंबर.

"सर, मिल गया. आपका धनबहादुर हमारे वडा का ही है. पत्नी तो नहीं रही. माँ को पीठ पर नीचे लाए हैं, नेटवर्क में. बात कराइए बेटे से."

मी काही म्हणायच्या आत फोन दुसऱ्या हातात गेला. म्हाताऱ्या बाईचा आवाज, फार मोठा. फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही असं आपल्याकडेही म्हाताऱ्यांना वाटतं. "छोरा? ए छोरा?"

तोंडाला साबण, हातात फोन. मी "माँजी" म्हणालो आणि पुढे हिंदी आठवेना, मराठीही आठवेना. ती पलीकडून हाका मारत होती. मी रडायला लागलो. नर्मदा धावत आली, मागून तुलसी. तुलसीने माझ्या हातून फोन घेतला, ओट्याजवळ जमिनीवर बसली आणि बोलायला लागली.

बराच वेळ बोलली. एकदा पलीकडून मोठा आवाज आला, मग शांत. तुलसी बोलतच होती, हळू, मुलाला झोपवताना बोलतात तसं. मला त्यात 'पानी' एवढं कळलं.

नंतर विचारलं, काय सांगितलंत? म्हणाली, "सच बोला. आखिरी पानी मैंने पिलाया. आमा बोला, वो भी बोला." मग थांबून म्हणाली, "उसने पूछा, तू कौन. मैंने बोला, पड़ोस की."

नकाशातल्या टाचण्या आज मी काढून टाकल्या.

३० जानेवारी, गुरुवार

मृत्यूचा दाखला मिळाला. आज तुलसीला जळगावला गाडीत बसवलं. नर्मदाने तिला स्वेटर दिला, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

प्लॅटफॉर्मवर मी तिला दाखला दिला नाही, माझ्याजवळच ठेवतो म्हटलं. चुकीची नोंद आहे, दुरुस्तीचा अर्ज करीन, वकिलाला विचारीन. खरं तर काय करीन ते मला ठाऊक नाही. दुरुस्त करायला गेलो तर तिने आणि मी खोटं लिहून दिलं हे आधी सांगावं लागेल, आणि तिकडच्या म्हातारीच्या मुलाला मेल्यावर कुणी नाही असं होईल. तसंच ठेवलं तर हिचा नवरा मेलेला. उद्या तो जिवंत परतला तर सरकारला त्याने काय दाखवायचं? नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला देतो तेव्हा पेन्शन मिळते. कितीतरी म्हाताऱ्यांना मी सांगितलंय, आजी, कागदावर तुम्ही नाहीत, पुढच्या आठवड्यात या.

तुलसीच्या भांगात सिंदूर होतं. तिने विचारलं, "साब, गाँव में क्या बोलूँ? सब ने रोकर भेजा है. ये पोंछूँ कि रहने दूँ?"

मी काय सांगणार होतो? म्हटलं, राहू द्या.

गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "साब, फोन बंद मत करना. मेरेवाले का कुछ होगा, तो कोई कागज देखेगा. कागज पर आपका ही नंबर है."

९ फेब्रुवारी, रविवार

नवीन वॉचमन ठेवला, बोराडीकडचा आहे. हिलालभाऊंनी त्याला सगळं विचारून घेतलं. मी तिथे थांबलो नाही.

परवा एका हॉटेलच्या मालकाचा फोन आला, सुरतेहून. वाटलं, त्याच्याकडे कुणी नेपाळी आचारी असेल, तुलसीचा नवरा. चुकीचा नंबर होता, त्याला धुळ्याचा ट्रान्सपोर्टवाला हवा होता. तरी मी विचारलं, तुमच्या आचाऱ्याचं नाव काय? त्याने फोन ठेवला.

तुलसी रोज संध्याकाळी मिस कॉल देते. मी परत मिस कॉल देतो. बोलण्यासारखं काही नसतं.

आज राकेश बराच वेळ बोलायच्या मूडमध्ये होता. म्हणाला, पप्पा, जरा बोला ना, नेहमी घाईत असता. मी म्हटलं, बाळा, आईच्या फोनवर कर, हा मोकळा ठेवावा लागतो.

नर्मदा म्हणते, वंदनेला बसताना तरी फोन बंद करा. मी आवाज कमी करतो. बंद करत नाही.